संगणकाच्या पोटातला संगणक

मराठी पुस्तकांची आणि छोट्या नियतकालिकांची अक्षरजुळणी हा माझा व्यवसाय. टेबलावरचा संगणक कित्येक वर्षं लिनक्सवर चालतो, पण माझ्याकडे येणाऱ्या फायलींमधल्या बऱ्याचशा पेजमेकरच्या जमान्यातल्या असतात. जुन्या विंडोजवर, जुन्या फॉन्टांत बांधलेल्या. त्या उघडायच्या म्हणून मी व्हर्च्युअल मशीनच्या वाटेला गेले. लिनक्सच्या आत, एका खिडकीत, दुसरा अख्खा संगणक चालवायचा आणि त्यात जुनं विंडोज टाकायचं. गरज म्हणून शिकले, पुढे त्याची गोडी लागली. त्यातून जे हाती आलं ते सांगावंसं वाटतं. तुमचं काम वेगळं असेल, तर तुमची यादीही वेगळी होईल.

१.

व्हर्च्युअल मशीन धावणार की नाही, हे सॉफ्टवेअरच्याही खाली ठरलेलं असतं. माझ्याकडे पहिल्यांदा विंडोजचं इन्स्टॉलेशन सकाळी सुरू झालं आणि दुपार झाली तरी निम्म्यावर आलेलं नव्हतं. कुठे एरर नाही, काही अडलेलं नाही, तरी प्रत्येक क्लिकनंतर नुसती वाट बघायची. कारण सापडलं ते बायोसमध्ये. प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशन येत होतं, पण ती सोय बंद करून ठेवलेली होती. इंटेलच्या यंत्रांत तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीच्या यंत्रांत बहुधा एसव्हीएम मोड या नावाने सापडते. कधी ‘ॲडव्हान्स्ड’ खाली, कधी ‘सिक्युरिटी’ खाली. ती चालू केली, लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा लावला, आणि तेच इन्स्टॉलेशन जेवण होईपर्यंत संपलं.

मग मी मागे जाऊन वाचलं. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर व्हर्च्युअल मशीन १९६० च्या दशकातच चालत होती. पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी १९७४ साली असं काम नीट व्हायला प्रोसेसरमध्ये काय असावं लागतं हे मांडलं. आतल्या प्रणालीने एखादी नाजूक सूचना दिली, तर ती अडवून वरच्या नियंत्रकाच्या हाती देता आली पाहिजे, हा त्यातला गाभा. आपल्या घरोघरच्या एक्स८६ प्रोसेसरमध्ये नेमकं हेच नव्हतं. काही सूचना अधिकार नसताना दिल्या, तर त्या अडत नसत, गुपचूप वेगळंच वागत. व्हीएमवेअरने १९९९ साली यावर उपाय काढला तो म्हणजे चालता कोड वाचत वाचत त्यातल्या अडचणीच्या सूचना जागच्या जागी बदलत जाणं. केवढी चिकाटी लागली असेल त्याला! इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये ही सोय थेट चिपमध्ये घातली. बायोसमधल्या त्या एका ओळीकडे तेव्हापासून मी आदराने बघते. नव्या माणसाने ‘माझं मशीन फार हळू चालतं’ म्हणून फोन केला, तर मीही आधी तीच ओळ बघायला सांगते.

२.

लिनक्सवरचं व्हर्च्युअल मशीन ही शेवटी एक साधी प्रोसेस असते, हे समजलं तेव्हा माझी भीड चेपली. विंडोज चालू असताना सहज टर्मिनलमध्ये ‘टॉप’ ही आज्ञा दिली होती. ब्राउझर, फाईल मॅनेजर, गाणी लावणारा प्रोग्राम, आणि त्यांच्या मधेच एक ओळ: क्यूएमू. तेच माझं विंडोज! त्याचे प्रोसेसर म्हणजे त्या प्रोसेसचे थ्रेड, त्याची मेमरी म्हणजे त्या प्रोसेसने मागून घेतलेली मेमरी. आत बसून पाहिलं तर स्वतःचं बायोस, स्वतःची सी ड्राइव्ह असलेला स्वतंत्र संगणक. बाहेरून पाहिलं तर लिनक्स त्याला इतरांच्याच रांगेत उभं करतं आणि पाळी आली की वेळ देतं.

ही मांडणी अवी किविटी यांची. २००६ साली क्युमरानेट या इस्रायली कंपनीत असताना त्यांनी केव्हीएम लिहिलं. त्याआधी केंब्रिज विद्यापीठातून निघालेलं झेन होतं. त्यात सगळ्यात खाली वेगळा हायपरव्हायजर, म्हणजे यंत्रांचा नियंत्रक, आणि त्याच्यावर लिनक्स, अशी रचना होती. किविटींनी वेगळा विचार केला. वेळ वाटून देणं, मेमरी सांभाळणं, हार्डवेअरशी बोलणं ही कामं लिनक्सचा कर्नल आधीपासून करतोच आहे, तर ती पुन्हा कशाला लिहायची? कर्नलला एक मॉड्यूल जोडायचं आणि प्रोसेसरमधली नवी सोय त्याच्या हाती द्यायची. ऑक्टोबर २००६ मध्ये जाहीर झालेलं हे काम फेब्रुवारी २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत दाखलही झालं. पुढच्याच वर्षी रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली. जे आहे त्याच्यावर विश्वास टाकून फक्त उणी जागा भरायची, हा संयम मला त्या निर्णयात फार भावतो. संपादनाच्या कामातही तो क्वचित दिसतो.

केव्हीएम एकटं मात्र काही करत नाही. प्रोसेसरचं काम ते बघतं. आतल्या विंडोजला दिसणारी डिस्क, नेटवर्क कार्ड, पडदा, कीबोर्ड हे सगळं उभं करतं क्यूएमू, जे फाब्रिस बेलार यांनी २००३ साली प्रथम प्रसिद्ध केलं. एफएफएमपेगची सुरुवातही त्यांचीच. यंत्रांची नोंद ठेवणं, ती चालू-बंद करणं हे लिबव्हर्टचं काम, आणि आपल्याला दिसणारी खिडकी व्हर्ट-मॅनेजरची. डेबियन, उबुंटू, फेडोरा, सगळीकडे हे नेहमीच्या पॅकेजांतून येतं. आपलं नाव लिबव्हर्टच्या ग्रुपमध्ये घालून एकदा लॉगआउट होऊन परत आलं की काम सुरू. एवढे थर कशाला, असं सुरुवातीला वाटायचं. आता एखादी एरर आली की ती कोणत्या थरातून आली हे पहिल्यांदा बघते, आणि निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

३.

व्हर्च्युअलबॉक्सचं नाव काढलं की लिनक्सवाल्यांमध्ये नाक मुरडायची पद्धत आहे. ती मला पटत नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणांनी पहिलं व्हर्च्युअल मशीन त्याच्यातच पाहिलं. इनोटेक या जर्मन कंपनीने २००७ साली ते मुक्त परवान्याखाली आणलं, २००८ मध्ये ते सनकडे गेलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. मालक बदलत गेले, तरी मुख्य भाग मुक्तच राहिला, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याची अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. केव्हीएम कर्नलच्या आत राहतं. व्हर्च्युअलबॉक्सचं मॉड्यूल बाहेरून येऊन कर्नलला जोडलं जातं. म्हणून कर्नल नवा आला की ते मॉड्यूल नव्याने बांधावं लागतं. डीकेएमएस हे काम आपणहून करतं खरं, पण त्यासाठी त्या कर्नलच्या हेडर फायली हजर असाव्या लागतात. सिक्युअर बूट चालू असेल तर मॉड्यूलवर सही हवी, आणि त्या सहीची किल्ली रीस्टार्ट करताना निळ्या पडद्यावर पासवर्ड देऊन मान्य करावी लागते. तो पडदा पहिल्यांदा पाहणारा माणूस घाबरतोच. आणखी एक गोष्ट २०२४ च्या शेवटी आलेल्या ६.१२ या कर्नलपासून सुरू झाली. केव्हीएमचं मॉड्यूल लोड होताक्षणी प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय आपल्या ताब्यात घेऊन ठेवतं. आधी ते मशीन चालू झाल्यावरच घेत असे. परिणामी काल चालणारं व्हर्च्युअलबॉक्स आज ‘दुसरा हायपरव्हायजर वापरात आहे’ म्हणून थांबू लागलं. एक तर केव्हीएमचं मॉड्यूल काढून ठेवायचं, नाहीतर कर्नलला तसा पर्याय द्यायचा. दोन्हींपैकी एक निवडून त्याच्यावरच राहणं मला बरं वाटतं.

जाता जाता एक, कारण छोट्या प्रकाशकांना हे माहीत नसतं. व्हर्च्युअलबॉक्स मुक्त असलं तरी त्याच्यासोबत मिळणारा एक्स्टेंशन पॅक मुक्त नाही. तो खासगी वापराला, शिक्षणाला, पारखून बघायला फुकट. ऑफिसात वापरायचा तर परवाना वाचून घ्यावा.

४.

मेमरी वाढवून यंत्र वेगवान होतंच असं नाही. आतल्या प्रणालीला जे देतो ते बाहेरच्या लिनक्सच्या वाट्यातून जातं, आणि बाहेरचं लिनक्स गुदमरलं की आतलं विंडोजही गुदमरतं. अर्धी मेमरी आत, अर्धी बाहेर, ही मर्यादा मी सहसा ओलांडत नाही. विंडोज एक्सपीला तर ५१२ एमबीसुद्धा पुरते. प्रोसेसरचंही तसंच: लॅपटॉपमध्ये चार कोर आहेत म्हणून चारही देऊ नयेत.

५.

आतल्या प्रणालीला खरं सांगितलं की ती जास्त वेगाने चालते. हे मला अजूनही सुंदर वाटतं.

क्यूएमू मुळात अस्सल हार्डवेअरची हुबेहूब नक्कल करतं. एखादं जुनं इंटेलचं नेटवर्क कार्ड, एखादा आयडीई कंट्रोलर, त्यातला एकेक रजिस्टर खऱ्यासारखा वागवतं. विंडोजला वाटतं आपण खऱ्या कार्डाशी बोलतोय, आणि त्याच्या प्रत्येक शब्दासाठी बाहेर केवढी तरी धावपळ होते. रस्टी रसेल यांनी सुरू केलेल्या व्हर्टआयओने हे सोडून दिलं. आतल्या प्रणालीला सरळ सांगायचं, की तू व्हर्च्युअल मशीनमध्ये आहेस, इथे कार्ड वगैरे काही नाही. तुझ्या-माझ्यामध्ये मेमरीचा एक सामायिक तुकडा आहे, तुला जे पाठवायचं ते तिथे ठेव. २००८ सालच्या २.६.२४ या कर्नलपासून लिनक्सला ही बोली येते. म्हणून लिनक्सच्या आत लिनक्स टाकलं तर काहीच करावं लागत नाही.

विंडोजला ती उपजत येत नाही. नवं विंडोज टाकताना डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी दिसते आणि माणूस हबकतो. डिस्क असते, पण तिच्याशी बोलायचा ड्रायव्हर विंडोजकडे नसतो. व्हर्टआयओ ड्रायव्हरांची एक आयएसओ फाईल मिळते. ती दुसरी सीडी म्हणून जोडायची, तिथल्या तिथे ‘लोड ड्रायव्हर’ करायचं, डिस्क समोर येते. विंडोज ११ असेल तर यूईएफआय आणि टीपीएम २.० हेही लागतात; टीपीएमची भूमिका एसडब्ल्यूटीपीएम नावाचा छोटा प्रोग्राम निभावतो. माझ्या एक्सपीला मात्र मी जुनी आयडीई डिस्कच ठेवली आहे. कामापुरता वेग मिळतो, आणि त्या वयाच्या प्रणालीला नवी भाषा शिकवायचा हट्ट करण्यात अर्थ नसतो.

६.

स्नॅपशॉटमुळे धीर येतो. मूळ चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्याच्यावर रेषा माराव्यात, तसं त्याचं काम चालतं. मशीनची डिस्क ज्यात असते त्या क्यूकाऊ२ फाईलवर एक नवी फाईल चढते, इथून पुढचे सगळे बदल त्या वरच्या फाईलमध्ये जातात, खालची जशीच्या तशी राहते. नाही आवडलं, वरचा कागद काढून टाकायचा. अनोळखी फॉन्ट मॅनेजर, कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलेला कन्व्हर्टर, या गोष्टी मी खऱ्या संगणकावर कधी टाकल्या नसत्या. इथे निर्धास्त टाकते. काय होईल याची भीती गेली की माणूस नीट बघायला लागतो, हे माझ्या बाबतीत याच कामात घडलं.

पण वरचा कागद खालच्याशिवाय निरर्थक असतो. खालची फाईल खराब झाली, हलवली, तिचं नाव बदललं, तर वरच्या सगळ्यांचं काम संपलं. म्हणून बॅकअप वेगळा: मशीन बंद करून अख्खी डिस्क-फाईल दुसऱ्या ड्राइव्हवर. ही फाईलही सांगते एक आणि व्यापते दुसरंच. आत ४० जीबीची डिस्क दिसते, बाहेर ‘डीयू’ विचारलं तर काहीच जीबी. वापर वाढेल तशी ती फुगते. आत फायली पुसल्या म्हणून मात्र आपोआप आक्रसत नाही. त्यासाठी डिस्कार्डची सोय चालू असावी लागते, आणि एक्सपीला ती कळतच नाही.

७.

झोपवून ठेवलेल्या यंत्राला मधला काळ ठाऊक नसतो. काम अर्धवट असताना मशीन जसं आहे तसं सेव्ह करून ठेवता येतं, ही मोठी सोय. पण आठवड्याने उठवलं की त्याच्या घड्याळात अजून तीच संध्याकाळ असते. मग प्रुफाच्या फायलींवर मागच्या तारखा पडतात आणि कोणती प्रत नवी याचा गोंधळ होतो. माझ्या एक्सपीला इंटरनेट नाही, त्यामुळे वेळ आपोआप जुळायचा मार्गही नाही. उठवलं की आधी घड्याळ बघायचं.

८.

इंटरनेट का नाही, तर तेही अनुभवाने शिकवलं. नवं मशीन बनवलं की लिबव्हर्ट त्याला १९२.१६८.१२२ ने सुरू होणारा पत्ता देतं आणि लिनक्सच्या आडून बाहेर जाऊ देतं. आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. बहुतेक कामांना हे पुरतं. ऑफिसातल्या इतरांना ते यंत्र थेट दिसायला हवं असेल तर ब्रिज करावा लागतो, आणि लॅपटॉप वायफायवर असेल तर तो सहसा जुळत नाही. वायफायचा राउटर ज्या पत्त्याने आपण जोडलो गेलो तेवढाच ओळखतो, त्याच्या मागून येणाऱ्या दुसऱ्या पत्त्याला उभं करत नाही. केबल लावली की प्रश्न मिटतो.

विंडोज एक्सपीला मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ पर्यंत सांभाळलं. त्यानंतर सापडलेल्या भगदाडांची डागडुजी करायला कुणी बांधील नाही. अशा प्रणालीला जाळ्यात सोडणं मला पटत नाही, म्हणून तिचं नेटवर्क कार्डच काढून टाकलं आहे. फायली आत पाठवायच्या तर आयएसओ बनवून सीडीसारखी लावते. बाहेर आणायला एक छोटी वेगळी व्हर्च्युअल डिस्क आहे. मशीन बंद केलं की तीच लिनक्सवर माउंट होते. वेळ थोडा जास्त जातो. जाऊ दे.

९.

भिंतसुद्धा कोडचीच असते. २०१५ च्या मे महिन्यात ‘व्हेनम’ नावाची त्रुटी जाहीर झाली आणि मला हादरा बसला. आतल्या यंत्रातून बाहेरच्या यंत्रात शिरायला वाट देणारं छिद्र सापडलं होतं, आणि कुठे, तर क्यूएमूच्या व्हर्च्युअल फ्लॉपी कंट्रोलरमध्ये! २००४ पासून तो कोड तिथे होता. फ्लॉपी तर केव्हाच इतिहासजमा झाली होती, पण तिची नक्कल करणारा कोड शाबूत होता. आणि फ्लॉपी ड्राइव्ह मुद्दाम बंद ठेवली तरी काही ठिकाणी तो कोड जागाच राहत होता.

त्या फ्लॉपीशी माझं नातं आहे. माझ्याकडे आलेलं जुनं साहित्य फ्लॉप्यांवरच यायचं, आणि त्यांच्या प्रती मी व्हर्च्युअल फ्लॉपी लावूनच वाचल्या आहेत. जुन्याला जागा ठेवायची तर त्या जागेची राखणही करावी लागते. दुरुस्ती त्याच सुमारास आली, वितरणांनी ती लगेच पोचवली. तेव्हापासून आतली प्रणाली कितीही जुनी असो, बाहेरचं लिनक्स मी अद्ययावतच ठेवते.

१०.

आता ज्यासाठी हे सगळं केलं त्याबद्दल. जुनं मराठी टायपिंग नुसती फाईल असून वाचता येत नाही. त्याला तो फॉन्ट, ते सॉफ्टवेअर आणि ती प्रणाली असं सगळं कुटुंब लागतं.

युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कंपनीचा मराठी फॉन्ट आपापल्या रीतीने बांधलेला असे. फाईलमध्ये ‘क’ नसतोच. तिथे एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं, आणि त्या फॉन्टात त्याच्या जागी ‘क’चं चित्र काढलेलं असतं. फॉन्ट काढून घेतला की मागे उरतो तो अर्थहीन रोमन मजकूर. एका कंपनीच्या फॉन्टातला ‘क’ दुसरीच्या फॉन्टात भलतंच काही असतो. शेजारच्या छापखान्यातले काका एकदा म्हणाले, “अहो ताई, तो जुना कम्प्युटर बंद पडला ना, की आमची पंचवीस वर्षांची पुस्तकं गेलीच समजा.” त्यांच्याकडे फायली होत्या, सीड्या होत्या, सगळं जपून ठेवलेलं. तरी ते बरोबर बोलत होते.

पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. लिबरऑफिसला पेजमेकरच्या फायली उघडता येतात, आणि ते करणाऱ्यांचे माझ्यावर उपकार आहेत. पण माझ्या पानांची रचना त्यात ढळते. वाईन वापरून पेजमेकर थेट लिनक्सवर चालवायचा प्रयत्नही झाला, फॉन्ट मॅनेजरपाशी तो अडला. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र सगळं कुटुंब एकत्र नांदतं. पान जसं बांधलं होतं तसंच समोर येतं, तळटीपा जागच्या जागी, प्रकरणाच्या पहिल्या अक्षराची वेलबुट्टीसुद्धा.

तिथून पुढची माझी रीत ठरली आहे. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर लावून कागदाऐवजी फाईलमध्ये छापायचं, ती फाईल लिनक्सवर आणायची आणि घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ करायची. एवढ्याने पुस्तक पुन्हा छापता येतं. पण त्या पीडीएफमध्ये ‘ज्ञानेश्वर’ शोधलं तर काही सापडत नाही, कारण आत अजूनही रोमन चिन्हंच आहेत. म्हणून दुसरं काम: मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये आणणं. इथे खरी परीक्षा होते. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनाच्या नंतर येते. रफार उलट: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी. ‘मूर्ती’सारखे शब्द नीट उतरले, तरी ‘कीर्तिवंत’सारख्या शब्दात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी एकत्र आले की कन्व्हर्टर चुकतो. जोडाक्षरांचे अर्धे तुकडे वेगळेच. अशा वेळी एका बाजूला एक्सपीच्या खिडकीत मूळ पान आणि दुसऱ्या बाजूला लिनक्सवर नवा मजकूर, असं ओळीओळीने ताडून बघावं लागतं. ही दोन पानं एकाच पडद्यावर शेजारी ठेवता येतात, तिथे व्हर्च्युअल मशीनची किंमत कळते.

या कामातलं एक पुस्तक लेखकाच्या मागे त्यांच्या मुलीने माझ्याकडे आणलं होतं. आवृत्ती संपून बराच काळ लोटला होता, टंकलिखित सापडत नव्हतं, होती ती एक सीडी. पान उघडलं तेव्हा तिने पडद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “बाबांनी शेवटचं प्रूफ याच टाइपात तपासलं होतं.”

११.

सगळंच आत नेता येत नाही, हे अखेर मान्य करावं लागलं. काही जुन्या मराठी सॉफ्टवेअरसोबत डोंगल यायचं. ते लावल्याशिवाय प्रोग्राम सुरू होत नसे. यूएसबी डोंगल असेल तर ते लिनक्सकडून काढून थेट आतल्या मशीनला देता येतं. व्हर्ट-मॅनेजरमध्ये यादीतून निवडायचं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी आपलं नाव त्याच्या यूएसबी ग्रुपमध्ये असावं लागतं. पॅरलल पोर्टचं डोंगल मात्र दमवतं. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं, आणि बाजारात मिळणारी यूएसबीवरून पॅरलल करणारी केबल प्रिंटरपुरती असते, डोंगल तिला दाद देत नाही. ज्यांच्याकडे ते पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप आहे, त्यांनी तो भंगारात देऊ नये. त्याच्यावर लिनक्स टाकून पोर्ट आतल्या मशीनला जोडून देता येतं. विंडोजचा परवानाही ज्याचा त्याने जपावा. हार्डवेअर बदललेलं दिसलं की विंडोज पुन्हा ॲक्टिव्हेशन मागतं, म्हणून मशीन दुसऱ्या संगणकावर हलवताना डिस्क-फाईलसोबत त्याची वर्णनाची एक्सएमएल फाईलही न्यायची, म्हणजे यूयूआयडी आणि नेटवर्क कार्डाचा पत्ता तेच राहतात.

ज्यांनी ते जुने फॉन्ट घडवले त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. विक्री थांबलेल्या फॉन्टांचे संकेततक्ते, म्हणजे कोणत्या चिन्हाच्या जागी कोणतं अक्षर एवढी साधी कोष्टकं, त्यांनी सर्वांसाठी खुली करावीत. त्यात आता व्यवसायाचं गुपित उरलेलं नाही, आणि प्रत्येक छापखान्याने ती फॉन्ट उघडून, अक्षर अक्षर पडताळून नव्याने बनवायची गरज नाही. मी माझ्यापुरती काही कोष्टकं बनवली आहेत, विचारेल त्याला देते. पण जोडाक्षरांच्या काही जागा अजून रिकाम्या आहेत, आणि त्या ज्याने फॉन्ट काढला त्यालाच खात्रीने भरता येतील.